रविवारी ठेवलेलं काम

फ्रिजवर तक्ता लावायची पद्धत आमच्या घरात मी आणली. रिफायनरीत शटडाऊन असलं की कोणतं काम कोणत्या दिवशी, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे ठरवणारा माणूस मी. प्लांट ठरावीक दिवस बंद करायचा, उघडायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करायचा. एक काम चुकीच्या दिवशी बसलं तर मागची सगळी माणसं हात बांधून उभी राहतात. अठरा वर्षं कुवेतमध्ये मी याचाच पगार घेतोय, आणि माझं क्वचितच चुकलंय. त्याचा मला गर्व होता, तो आता कशाला लपवू?

तर व्हिएन्नाच्या सहलीचा तक्ताही मीच केला. तो कशासाठी केला ते आधी सांगायला हवं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या घरी चहा झाल्यावर, बायकोने सांगितलं की मुलीची सातवीची परीक्षा संपली की ती मुलीला घेऊन पुण्याला जाणार आहे. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, "राहायला." आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. कपबशा उचलून ती आत गेली आणि विसळायला लागली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला काहीतरी उत्तर देता येतं. मी बराच वेळ खिडकीतून समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्र बघत बसलो. का जाणार आहेस, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, कारण मला माहीत आहे.

मला वाटलं, कारण व्हायोलिन आहे.

ते व्हायोलिन तिच्या वडिलांचं. पुण्यात ते एका शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचे. ती त्यांच्याकडेच शिकली. ते गेल्यावर वाद्य आमच्याकडे आलं. इथे तिला नोकरी करता आली नाही, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला ते सोपं नसतं, आणि नंतर मुलगी झाली. पण शनिवारी सकाळी ती जमिनीवर मांडी घालून तासभर वाजवायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी पेपर वाचायचो, आणि ते चालू असलं की घर जागच्या जागी आहे असं वाटायचं.

मागच्या जुलैत त्याची एक खुंटी सरकायला लागली. तिने मला सांगितलं की एक जण ऊद, म्हणजे इकडचं अरबी तंतुवाद्य, दुरुस्त करतो, तो बघून देईल, त्याच्याकडे नेऊन द्या. शुक्रवारी मी पेटी गाडीच्या डिकीत टाकली, वाटेत फहाहीलला मासळी घेतली, मासे खराब होतील म्हणून आधी घरी आलो, आणि पेटी विसरलो. तीन दिवस गाडी कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये होती. कुवेतचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर मान अंगापासून सुटली होती आणि पुढची फळी कडेने उघडली होती.

इथे कोणाही शहाण्या माणसाने बायकोला जाऊन सांगितलं असतं. मी शुवैखला गेलो. गॅरेजवाल्यांच्या गल्लीत सगळ्यात चांगलं एपॉक्सी कुठे मिळतं ते मला माहीत होतं. आम्ही ते पंपांच्या फाउंडेशनला वापरतो. दोन ट्यूब आणल्या, ऑफिसातच शिकंजे लावून मान बसवली, फळी दाबली, वरून पुसून घेतलं. पेटी घरी आणून जागेवर ठेवली आणि सांगितलं, झालं काम. पुढे वाचून कळलं की व्हायोलिन मुद्दाम हलक्या सरसाने चिकटवतात, कधी उघडायची वेळ आली तर लाकूड न मोडता सुटावं म्हणून. माझं एपॉक्सी सुटणारं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी ऑफिसात शिकंज्यात धरला होता.

शनिवारी तिने पेटी उघडली. मी पेपरामागे होतो. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून पेपर खाली केला, तर ती मानेच्या सांध्यावरून अंगठा फिरवत होती. मग तिने पेटी बंद केली आणि कपाटावर ठेवली.  मी पेपर पुन्हा वर केला. त्यानंतर शनिवारी आमच्याकडे कोणीच काही वाजवलं नाही.

म्हणून जानेवारीत तिने पुण्याचं सांगितलं तेव्हा मला काम समजलं. व्हायोलिन दुरुस्त झालं की बाकी सगळं दुरुस्त होईल. युरोपचं आम्ही दहा वर्षं नुसतं बोलत होतो, दर वर्षी कुठलं तरी शटडाऊन आडवं यायचं. आठवड्याभरात मी व्हिएन्नातला एक जुना व्हायोलिन दुरुस्त करणारा शोधला, त्याला फोटो पाठवले. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: घेऊन या, पाहून सांगतो, कामाच्या कुठल्याही दिवशी सकाळी चालेल. गोंदाबद्दल मी त्याला लिहिलं नव्हतं. मग तिला म्हणालो, ईदच्या सुट्टीत व्हिएन्नाला जाऊ, परत येताना कुवेतवरूनच तुम्ही दोघी पुढे मुंबईचं विमान घ्या, जायचंच असेल तर. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघा." आमच्याकडे ‘बघा’ म्हणजे हो नसतं. मी ते हो धरलं.

पुढची तिकिटं मी बदलता येतील अशी घेतली. कुठल्याही तक्त्यात थोडी ढील ठेवावी लागते. ती मुंबईला जाणार नाही, आम्ही तिघंही कुवेतला विमानतळाबाहेर पडू आणि टॅक्सीने मंगफला येऊ, हे मी मनात धरून चाललो होतो. निघायच्या आठवड्यात कार्गोवाला येऊन तिचे पाच खोके घेऊन गेला, तेव्हाही मला वाटलं, खोके काय, परत मागवता येतात.

मार्चच्या शेवटी आम्ही बुधवारी दुपारी व्हिएन्नाला उतरलो. आकाश राखाडी, हवेत बोचरी थंडी. मुलीने सातवीच्या परीक्षेतून सुटल्यासारखा चेहरा केला होता आणि प्रत्येक ट्रामचा फोटो काढत होती. बुधवारी रिंग नावाच्या गोल रस्त्यावरून ट्रामने फेरी, गुरुवारी राजवाडा आणि त्यामागची बाग, शुक्रवारी मोठं कॅथेड्रल आणि त्याचा मनोरा, शनिवारी संग्रहालय. सगळं तक्त्याप्रमाणे झालं. राजवाड्यात मी दोघींना चौदा खोल्यांतून बरोबर सत्तर मिनिटांत बाहेर काढलं. एका खोलीत ती खिडकीपाशी थांबली, बाहेर बागेत एक म्हातारा खुरप्याने वाफे साफ करत होता, त्याच्याकडे बघत. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. ती लगेच निघाली. तेव्हा मला बरं वाटलं, वेळेत आहोत म्हणून.

पण खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत मला आशा होती. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर ती धापा टाकत चढली आणि वर पोचल्यावर हसली. कॉफीच्या दुकानात मुलीच्या नाकाला लागलेलं क्रीम पुसून तिने ते बोट माझ्या बाहीला पुसलं, पूर्वी करायची तसं. हॉटेलात आम्ही पेपर नॅपकिनवर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मुलगी म्हणाली, "धिस इज द बेस्ट ट्रिप, बाबा." मी मनात म्हटलं, अजून मुख्य काम बाकीच आहे.

मुख्य काम रविवारी ठेवलं होतं. रविवारीच का? कारण गुरुवार आठवड्याचा शेवटचा दिवस, गुरुवारी दुपारनंतर कोणाला काम सांगितलं तर तो घाईत उरकतो, हे अठरा वर्षं बघितलेलं. शुक्रवार-शनिवार सुट्टी. आणि रविवार आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, माणूस ताजा असतो, कामाकडे नीट लक्ष देतो. माझ्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात शुक्रवार-शनिवार आपोआप करडे होतात आणि रविवार पांढरा राहतो. मी पांढऱ्या रकान्यात व्हायोलिन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेदहाचं परतीचं विमान. लहानपणी नाशिकला रविवारच्या शाळेच्या सुट्टीची मी चातकासारखी वाट बघायचो, पण ती सुट्टी माझ्या अंगातून कधीच निघून गेली होती.

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही निघालो. पेटी माझ्या खांद्याला. ट्राममध्ये आम्हाला धरून सहा माणसं होती. रस्त्यावरची दुकानं बंद होती, मला वाटलं, अजून उघडायची आहेत. दुसऱ्या रस्त्यावरचीही बंद. किराण्याचं मोठं दुकानसुद्धा बंद, आमच्या मंगफच्या जमियाला, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानाला, कुलूप लागलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. तरीही मला कळेना. मी नकाशात बघून गल्ल्या मोजत होतो. ती माझ्या दोन पावलं मागून चालत होती.

व्हायोलिनवाल्याचं दुकान एका अरुंद गल्लीत तळमजल्यावर होतं. काचेतून आत दिसत होतं: तारेवर ओळीने टांगलेली व्हायोलिनं, लाकडाचे तुकडे, ब्रश, टेबलाच्या कोपऱ्यात पालथा घातलेला कप. दार बंद. मी बेल दाबली. थांबलो. पुन्हा दाबली. कुठेतरी चर्चच्या घंटा वाजायला लागल्या आणि संपेचनात.

मुलीने दारावरची पाटी वाचली, मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाबा, इट्स संडे."

मी म्हणालो, हो, माहीत आहे. आणि म्हणता म्हणता मला कळलं. तक्त्यातला पांढरा रविवार कुवेतचा होता, इथला नव्हता. तरीही माणूस मी तसाच: लगेच मार्ग काढायला लागलो. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांच्या बेल दाबल्या, कोणी उत्तर दिलं नाही. दुकानाच्या नंबरवर फोन केला, यंत्र जर्मनमध्ये काहीतरी बोललं. मग तिकिटांचं ॲप उघडलं. तिला म्हणालो, परतीचं विमान मंगळवारचं करतो, नाहीतर तुम्ही दोघी व्हा पुढे, मी एक दिवस मागे राहून दुरुस्त करून आणतो. 

गल्लीच्या टोकाला एक छोटा चौक होता, बाक होता. ती तिथे जाऊन बसली. मुलीला समोरच्या कारंज्यापाशी जायला सांगितलं. मी पेटी मांडीवर घेऊन शेजारी बसलो.

"राहू दे," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?"

"आज बंद असणार ते. तक्ता फ्रिजवर लावलात त्याच दिवशी कळलं मला. चार आठवडे ते रोज दिसत होतं, दूध काढताना."

मला आधी राग आला, अगदी खरा राग. चार दिवस इथे आहोत, बुधवारपासून हे दुकान उघडं होतं, एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, मग बोलली का नाहीस.

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले," ती म्हणाली. "व्हायोलिन माझं. ते कधी न्यायचं, न्यायचं की नाही, ते दुरुस्त झालेलं मला हवंय का, एकदा तरी विचाराल असं वाटलं होतं. गेल्या जुलैपासून वाट बघतेय."

मी म्हणालो की हे सगळं मी तिच्यासाठीच केलं. ती म्हणाली, तेही तिला माहीत आहे. आवाजात अजिबात टोचणी नव्हती. टोचणी असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मग तिने पेटीवर हात ठेवला आणि सांगितलं की इथे येऊन मनोऱ्यावर चढताना क्षणभर तिलाही वाटलं होतं, बोलून टाकावं, रविवारी बंद असतं म्हणून. पण बोलली असती तर मी तक्ता बदलला असता, एवढंच. तेवढ्यासाठी तिला बोलायचं नव्हतं.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी तिकिटांचं ॲप बंद केलं आणि म्हणालो, जेवायचं काय करायचं, सगळं बंद आहे. ती हसली, अगदी थोडी, जसं एखाद्या परक्या माणसाला आपण हसतो. मुलीला हाक मारली. मग आम्ही मुख्य रेल्वे स्टेशनवर गेलो, कारण तिथली दुकानं रविवारीही उघडी असतात, आणि उभ्या उभ्या सँडविच खाल्ले. मुलगी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती आणि ट्रेनचे फोटो काढत नव्हती. दुपारी तक्त्यात काही नव्हतं. हॉटेलच्या खोलीत आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत बसून राहिलो.

सोमवारी संध्याकाळी कुवेतला उतरलो. विमानातून बाहेर आल्यावर लांब सरकत्या पट्ट्यावरून चालत आपण एका ठिकाणी पोचतो, तिथे पुढच्या विमानाचे प्रवासी डावीकडे जातात आणि बाकीचे पासपोर्टच्या रांगेकडे. तिथपर्यंत मला वाटत होतं की ती माझ्याबरोबर उजवीकडे वळेल. इतकं सगळं ऐकूनही वाटत होतं, त्याला काय म्हणणार. तिने माझ्या खांद्यावरची पेटी काढून आपल्या खांद्याला लावली. मुलीने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "कॉल मी व्हेन यू रीच होम, बाबा." तिला जायचं होतं पुण्याला आणि मला अर्ध्या तासावरच्या मंगफला.

बायको म्हणाली, "आमचा इकामा रद्द करायच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला उगाच खेपा पडतील. सहा महिने बाहेर राहिलं की आपोआप संपतो."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. दोघींचा माझ्या नावावर होता. रद्द करायला माझी सही लागली असती, ऑफिसात चकरा माराव्या लागल्या असत्या. जाता जाता तिने माझ्या खेपाही वाचवल्या. मी मान हलवली. त्या दोघी डावीकडे गेल्या, मुलगी दोनदा वळली.

आणि मी पासपोर्टच्या रांगेत उभा राहून हिशेब मांडला की रद्द केलेला नाही म्हणजे सहा महिने हातात आहेत.

त्या सहा महिन्यांत मी दर शुक्रवारी फोन केला. मुलीची नवी शाळा, तिला मराठी विषय अवघड जातोय का, सासूबाईंचा गुडघा, खोके नीट पोचले का, घरातल्या सिंकचे नळ. पुण्यातला गीझर कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर मी एकदा वीस मिनिटं बोललो. ती शांतपणे ऐकायची, विचारलेल्याची उत्तरं द्यायची, मी जेवतो का ते विचारायची. मुलगी फोनवर आता थोडं मराठी बोलायला लागली होती. त्याचं मला कौतुक वाटायचं आणि लगेच मी विषय बदलायचो.

सप्टेंबरात आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सगळ्यांची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, साब, मॅडमचे सहा महिने या महिन्याअखेर भरतात, एका दिवसासाठी जरी कुवेतला येऊन गेल्या तरी इकामा वाचेल. मी त्याचे आभार मानले. पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबवलं नाही, त्याच दुपारी तिला फोन लावला आणि तारीख सांगितली.

 ती म्हणाली, "मंदूब म्हणाला असं?"

"हो. स्वतः येऊन सांगून गेला."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "मी म्हणतो, तिकिटं आताच बघून ठेवलेली बरी. शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, "बरं. ठेवते." पुन्हा त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

ती तारीख मंगळवारी आली आणि गेली. मी कामावर गेलो, दोन मीटिंगा केल्या, पुढच्या शटडाऊनची यादी तपासली. संध्याकाळी घरी आलो, बूट काढले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. तिथे उभं असताना लक्षात आलं की सहा महिन्यांत सत्तावीस फोन केले, शेवटी तिने स्वतः विचारलं, तरी मी एकदाही तिला परत ये म्हणालेलो नाही. मग ग्लास खाली ठेवून मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. परत ये. म्हणता येत होतं.